फरशीखालची माती

आमच्या गल्लीत माणसाला एकटं राहू देत नाहीत. हा आमचा गुण म्हणा नाहीतर खोड. दुपारी कुणाचं दार जरा जास्त वेळ बंद दिसलं की कुणीतरी कडी वाजवतंच, "काय व, बरं हाय ना?" बरं असलं तर चहा पिऊन जातात, बरं नसलं तर स्वयंपाक करून जातात. लग्न होऊन मी अहमदपूरला आले तेव्हा मला याचा फार वैताग यायचा. पुढं मीही तशीच झाले, दुसऱ्यांच्या कड्या वाजवायला लागले. एवढ्या वर्षांत त्या रीतीला न जुमानता जगलेलं एकच माणूस मी बघितलं, आमच्या समोरच्या सुमनबाई. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या.

बाईंनी सगळी नोकरी पहिलीच्या वर्गावर काढली. दुसरी-तिसरीचा वर्ग मागून घेता आला असता, पण त्या म्हणायच्या, "मोठ्या लेकरांना सगळं येतं असं वाटतं. मला न येणारी बरी." अर्धं गाव त्यांच्या हाताखाली अक्षरं गिरवून मोठं झालेलं. त्यामुळं रस्त्यानं जाताना टक्कल पडलेली माणसंसुद्धा सायकलवरून उतरायची. बाई मान हलवायच्या आणि पुढं जायच्या. थांबून ख्यालीखुशाली विचारणं त्यांना जमत नसे. त्यांच्याकडे बसायला गेलं तर चहा मिळायचा, तोही चांगला, आलं घातलेला. पण बशी खाली ठेवली की त्या सरळ म्हणायच्या, "झालं ना बसून? जा आता माय, मला काम हाय." काम काही नसायचं. पहिल्या वेळी मी रडवेली होऊन घरी आले होते. नंतर कळलं की हे सगळ्यांनाच आहे, कलेक्टर आला तरी त्यालाही हेच ऐकावं लागेल.

वर्तमानपत्र त्या एक दिवस उशिरा वाचायच्या. आमच्याकडचं दुसऱ्या दिवशी मागून न्यायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, आजचंच न्या की." तर म्हणाल्या, "शिळं झालं की त्यातलं खरं किती ते कळतंय." घाई कशाचीच नव्हती. काही विचारलं की लगेच उत्तर नाही. "थांब, बघू दे," म्हणायच्या आणि खरंच बघत बसायच्या. वर्गातही तसंच असायचं म्हणे. एखादं पोर रडत आलं तर त्याला आधी जवळ घ्यायच्या नाहीत, आधी बघायच्या. रडणं भुकेचं आहे, माराचं आहे की चड्डीत झाल्याचं आहे, हे ठरल्यावर मग उठायच्या. हेही गल्लीला कोरडेपणाचं वाटायचं.

त्यांचे यजमान दत्तूमामा बरोबर उलटे. एसटीत ड्रायव्हर होते आणि गाडी बंद असली तरी त्यांचा आवाज चालू असायचा. मूलबाळ नव्हतं. पण मामा गल्लीतल्या प्रत्येक पोराचे मामा होते, त्यामुळं त्या घरात नेहमी गलका. बाई त्या गलक्याच्या कडेला भाजी निवडत बसायच्या. एवढ्या बोलक्या माणसाशी यांचं कसं जमतं, असं सगळ्यांना वाटायचं. मला वाटतं, मामा बोलायचे म्हणूनच बाईंना गप्प बसायची मुभा मिळायची.

त्या घरात तिसरा एक जीव होता. पाटील. पाटील म्हणजे कासव. हे नाव अर्थात मामांचं. मामा सांगायचे ती हकिकत अशी, की भोकरच्या रस्त्यावर भरल्या गाडीनिशी ते चालले होते आणि रस्त्याच्या मधोमध ही स्वारी निघालेली. मामांनी करकचून ब्रेक दाबला. लोक एकमेकांवर आदळले. "काय झालं? काय झालं?" म्हणून खाली उतरले, तर समोर पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं एवढंसं कासव. हॉर्न वाजवला तरी हललं नाही. "मान वर करून बघितलं बेट्यानं, आन् पुन्हा आपलं चालायला लागलं. गाव याच्या बापाचं असल्यागत! म्हणलं, हे पाटीलच." मागून ट्रक येत होता म्हणून उचललं, डब्याच्या पिशवीत टाकलं आणि घरी आणलं. त्या काळी असं जनावर घरी आणू नये, त्याला कायदा आहे, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. कासव घरात आलं म्हणजे लक्ष्मी आली, एवढंच माहीत होतं.

बाईंचं अंगण मातीचं होतं. मध्ये एक कढीपत्त्याचं झाड, भिंतीला जास्वंद, एका कोपऱ्यात घोळीची भाजी आपोआप उगवलेली. पाटील त्या अंगणात वाढले आणि चांगले परातीएवढे झाले. सकाळी ऊन भिंतीवरून उतरलं की बाहेर यायचे, जास्वंदाचं फूल पडलं असेल तिथं चालत जायचे, खायचे, आणि उन्हातच पाय पसरून पडायचे. पसरलेले पाय बघून नव्या माणसाला वाटायचं की गेलं. मामा त्यांच्याशी तासन्‌तास बोलायचे. बाई बोलायच्या नाहीत, हातही लावायच्या नाहीत. पायरीवर बसून बघायच्या फक्त. आणि गंमत म्हणजे पाटील उन्हाला पडायचे ते बाईंच्या पायरीपाशी. मामांना याचा राग यायचा. "मी एवढा बोलतो आन् हे जाऊन बसतंय तुझ्यापशी!" बाई म्हणायच्या, "तुम्ही बोलता म्हणूनच."

मामा गेले ते एकाएकी, संक्रांतीच्या आसपास. त्यानंतर आमच्या गल्लीनं जे केलं ते आमची गल्ली नेहमीच करते. बसायला गेली. सकाळी एक घोळका, दुपारी एक, दिवेलागणीला एक. चाकूरकडच्या खेड्यातून मामांचे धाकटे भाऊ माधवराव आले, त्यांची बायको आली, सुना आल्या. माधवराव अतिशय भला माणूस. शेती चांगली, मन त्याहून चांगलं. त्यांना पहिली काळजी पडली ती तेराव्याची. एवढे लोक येणार, पंगत बसवायची कुठं? मातीत? भावाचं तेरावं मातीत? त्यांनी ट्रॅक्टर लावून शहाबादी फरशी मागवली आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळं अंगण फरशीचं करून टाकलं. कढीपत्त्याच्या बुंध्याभोवतीसुद्धा सिमेंटचं कडं. जास्वंद आड येत होती, ती काढली. बाई आत बसलेल्या. त्यांना विचारलं असेल तर त्यांनी मान हलवली असेल. त्या दिवसांत त्या कशालाही मान हलवत होत्या. पाटलांना टोपल्याखाली ठेवलं होतं.

तेरावं थाटात झालं. सगळ्यांनी फरशीचं कौतुक केलं, मीही केलं. झाडायला सोपी, पुसायला सोपी.

त्यानंतर पाटलांनी खाणं सोडलं. पुढ्यात टाकलेलं फूल सुकून जायचं. दिवसभर भिंतीच्या कडेकडेनं चालत राहायचे, कोपऱ्यात गेले की नखांनी फरशी खरवडायचे, वळायचे, पुन्हा चालायचे. तो आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. आधी हा प्राणी दिवसातून फार तर अंगणाची एक चक्कर मारायचा. आता नुसत्या येरझारा. गल्लीचं निदान लगेच झालं. "मालकाचा ध्यास घेतलाय." लोक बसायला यायचे ते आता पाटलांकडे बघून डोळे पुसायचे. मुकं जनावर पण बघा कसं शोधून राहिलंय, असं म्हणायचे. कलाबाई, म्हणजे आमच्या शेजारच्या, त्यांना तर हुंदकाच आवरायचा नाही.

बाईंनाही ते पटलं. नेहमी "थांब, बघू दे" म्हणणाऱ्या बाईंनी या वेळी बघितलं नाही, मानलं. मला एकदा म्हणाल्या, "शोभा, मला वाटायचं मी एकटीच वाट बघून राहिले. पण हेबी बघतंय. घरात दुसरं कुणीतरी हाय." बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जवळजवळ समाधान होतं. मामा गेल्यापासून पहिल्यांदाच त्या आपणहून काही बोलल्या होत्या. मला फार बरं वाटलं.

मग उपाय सुरू झाले. कलाबाईंनी एक आरसा आणून भिंतीला टेकवून ठेवला. "त्याला वाटंल दुसरं कासव हाय. जीव रमंल." पाटलांनी आरशात बघितलं, मागं सरकले आणि दणादणा धडका मारायला लागले. डोकं आत, पाठ पुढं, ठाक ठाक ठाक. शेवटी आरसा पडून फुटला. कलाबाई म्हणाल्या, "फारच चिडकं हाय व." बाई काचा वेचता वेचता म्हणाल्या, "माझ्यापुढं दिवसभर आरसा धरला तर मीबी असंच करीन."

माधवराव दर आठवड्याला यायचे. त्यांचं म्हणणं एकच. "वहिनी, चला गावाकडं. वाडा भरलेला हाय, सुना हायत, नातवंडं हायत. इथं एकलं कशाला राहायचं? लोक मला काय म्हणतील?" बाई म्हणायच्या, बघू. एका खेपेला त्यांनी पाटलांची दशा बघितली आणि म्हणाले, "ह्याला तरी देता का? आमच्या विहिरीत कासव सोडलेलं हाय, लई दिवसांचं. पाणी साफ ठेवतंय. ह्याला तिथं जोडीदार व्हईल. जोडीशिवाय कुणाला करमतंय, वहिनी?"

आमच्याकडे विहिरीत कासव सोडतातच. त्यात वावगं काही कुणाला वाटलं नाही. बाईंनी पुढ्यातलं सुकलेलं फूल उचललं. मग म्हणाल्या, "न्या. माझ्यापशी तर उपाशीच मरून राहिलंय." माधवरावांनी पाटलांना घमेल्यात ठेवलं, वर गोणपाट बांधलं आणि मोटारसायकलला मागं आवळून निघाले. बाई दारात उभ्या राहिल्या नाहीत. आत गेल्या.

मी चहा करून नेला. त्यांनी बशीत ओतला आणि तसाच हातात धरून राहिल्या. एकदम म्हणाल्या, "शोभा, ह्याला पाणी चालत न्हाई."

"म्हणजे?"

"परातीत पाणी ठेवलं तर काठानं पितंय. पावसात अंगणात पाणी साचलं की झाडाच्या बुंध्यापशी उंचवट्यावर चढून बसतंय. एवढी वर्षं मी बघते. हे कधी पाण्यात गेलं न्हाई. ह्याच्या पायाला पडदेच न्हाईत, हत्तीसारखे पाय हायत नुसते." बशी खाली ठेवली, चहा सांडला. "विहिरीत टाकलं तर बुडंल ते."

माधवरावांना फोन लावला, उचलेनात. गाडीवर असणार. आम्ही तशाच उठलो. चाकूरकडे जाणारी जीप मिळाली. वाटभर बाई नुसता अंगठा बोटावर घासत होत्या. खडू धरून धरून त्यांना ती सवय लागली होती.

शेतावर पोचलो तेव्हा माधवराव विहिरीच्या काठावर समाधानानं उभे होते. "आत्ताच सोडलं वहिनी, दोरीनं अलगद!" बाई त्यांना ओलांडून कठड्यापाशी गेल्या. पाणी खोल गेलेलं होतं, उन्हाळा लागला होता. आत पाटील पाय मारत होते आणि पाठ पुन्हा पुन्हा खाली जात होती. विहिरीतलं जुनं कासव एका दगडावर बसून हे बघत होतं की नव्हतं, कोण जाणे. नशीब इतकंच की एका बाजूला खडकाची कपार होती आणि पुढचा एक पाय तिथं अडकला होता. नुसतं नाकाचं टोक वर. सालगडी पायऱ्यांनी उतरला आणि त्यानं पाटलांना वर काढलं. बाईंनी जन्मात पहिल्यांदा त्यांना हातात घेतलं. डोकं खाली करून धरलं, नाकातोंडातून पाणी गळालं. किती वेळ तरी मान लोंबतच होती. मग एक पाय हलला.

माधवराव पार खचले. मोठा गडी, पण डोळ्यांत पाणी. "वहिनी, मी तर चांगल्यासाठीच..."

बाई चिडल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमचं चुकलं न्हाई भाऊजी. मीच दिलं. कासव म्हणलं की पाणी, एवढंच आपल्याला ठावकं. ह्याचं चालणं रोज बघायचे तरी मला सुचलं न्हाई." मग पदरानं पाटलांची पाठ पुसत पुसत अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मलाबी तुम्ही असंच न्यायला निघालाव. चांगल्यासाठीच. पण मी बुडंन हो तुमच्या घरात."

त्यानंतर माधवरावांनी चलाचं नाव काढलं नाही.

बाई दुसऱ्या दिवशी पाटलांना जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी तपासलं, छातीत थोडं पाणी उतरलंय म्हणाले, एक औषध दिलं. आणि हळूच म्हणाले, "बाई, मी तुमचाच विद्यार्थी, म्हणून सांगतो. हे जंगली जनावर हाय. कायद्यानं घरात ठेवता येत न्हाई. वनखात्याला देऊन टाका." बाईंना धक्काच बसला. आयुष्यभर पोरांना दुसऱ्याची पेन्सिल परत द्यायला शिकवलेलं माणूस ते. "बरं होऊ दे," एवढंच म्हणाल्या. "उपाशी लेकराला कुणी परगावी धाडत न्हाई."

विहिरीच्या त्या प्रसंगानंतर बाईंमध्ये जुन्या बाई परत आल्या. त्या पुन्हा बघायला लागल्या. बसायला येणाऱ्यांना त्यांनी चहाच देणं बंद केलं, त्यामुळं गर्दी आटली. सकाळपासून पायरीवर बसायच्या. पाटलांचं चालणं चालूच होतं, खाणं नव्हतंच. मी कॉलेजच्या ऑफिसातून संध्याकाळी आले की बाई आपल्या तिथंच. एके दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"इकडं ये. बघ. कुठं खरवडतंय?"

मी बघितलं. कढीपत्त्याच्या कड्याजवळ, दोन फरश्या जुळतात तिथं.

"आन् कोणत्या पायानं?"

मला काही कळेना. नीट बघितलं तर पाटील झाडाकडे पाठ करून उभे होते आणि मागच्या पायांनी खरवडत होते. एक पाय, मग दुसरा पाय. नखं झिजून पांढरी झाली होती.

"माणूस शोधायचं असलं तर तोंड त्या बाजूला असतंय," बाई म्हणाल्या. "हे पाठ करून काय शोधून राहिलंय? पहार आण जा तुमच्या घरातली."

मी पहार आणली. कलाबाईंच्या मुलाला बोलावून त्या जागच्या चार फरश्या उचकटून काढल्या. नव्याकोऱ्या फरश्या, सिमेंट नीट बसलेलं. गल्ली गोळा झाली. दुःखानं बाईंचं डोकं फिरलं अशी कुजबुज झाली. खाली काळी माती होती, दबलेली. बाईंनी तांब्याभर पाणी शिंपडलं, खुरप्यानं थोडी भुसभुशीत केली आणि सगळ्यांना म्हणाल्या, "जावा आता घरी."

मला जा म्हणाल्या नाहीत, म्हणून मी राहिले. पाटील त्या मातीवर चढले. मान खाली घालून माती हुंगली. मग वळले आणि मागच्या पायांनी उकरायला लागले. एक पाय माती काढायचा, अलगद बाजूला ठेवायचा, मग दुसरा. आम्ही दोघी पायरीवरून हललो नाही. ऊन भिंतीवर चढलं. खड्डा मागचे पाय बुडतील एवढा झाला, तेव्हा पाटील थांबले, आणि त्यात अंडी घातली. लिंबाएवढी, पांढरी. प्रत्येक अंडं पायानं सावकाश खाली घेतलं, आणि पुन्हा सगळी माती ओढून जागा बंद केली, वर पोटानं दाबली. नंतर तिथून निघून सरळ पाण्याच्या परातीशी गेले. गेल्या म्हणायला पाहिजे.

"बाई, हे तर..." मला हसू आलं. "पाटील न्हाई, पाटलीणबाई हाय!"

बाई हसल्या नाहीत. उठल्या, खुरप्यानं त्या खड्ड्याच्या बाजूची माती हलकेच वरखाली केली. त्या मातीत पांढरे तुकडे होते, खडूच्या चुऱ्यासारखे. जुन्या अंड्यांची टरफलं. वर, खाली, जिथं उकरावं तिथं. म्हणजे वर्षानुवर्षं आमच्या डोळ्यांदेखत ती त्या झाडाखाली अंडी घालत आली होती, मामा तिला पाटील पाटील करत होते, आणि जोडीला नर नसल्यामुळं एकाही अंड्यातून कधी पिल्लू निघालं नव्हतं. बाईंनी एक तुकडा उचलून तळहातावर ठेवला, फुंकर मारून साफ केला.

मग त्या रडायला लागल्या. मामा गेल्यावर त्या कुणापुढं रडल्या नव्हत्या. बायकांनी त्यांना रडवायचा किती प्रयत्न केला होता, तुंबलेलं बरं नाही म्हणून. आत्ता मातीचे हात तसेच मांडीवर ठेवून रडल्या. मला वाटलं कासवासाठी. मी म्हटलं, "बाई, आता मिळाली ना तिला माती. आता खाईल."

"त्याच्यासाठी न्हाई व माय," त्या म्हणाल्या. "हिला ह्यांचं काहीच न्हवतं. हिला नुसती माती पाहिजे होती. म्हणजे एवढे दिवस मी एकलीच बघून राहिले होते वाट."

गल्लीत बोलायला माझ्याइतकं कुणी तयार नाही, पण त्या वेळी मी नुसती शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले. त्या दिवशी त्यांनी मला जा म्हटलं नाही, अंधार पडेपर्यंत.

पाटलीणबाईंनी दुसऱ्या दिवसापासून खायला सुरुवात केली. आठवडाभरात घोळीच्या जुड्या फस्त व्हायला लागल्या. पुन्हा पायरीपाशी उन्हात पाय पसरून पडू लागल्या. येरझारा संपल्या. कलाबाई म्हणाल्या, "आता कशाला देता कुणाला? कोण सांगायला जातंय?" आणि खरंच कुणीही सांगायला गेलं नसतं. एवढी वर्षं कुठं कुणी सांगितलं होतं? मलाही मनातून वाटत होतं की राहू दे. त्या घरात दुसरं होतं कोण?

बाई म्हणाल्या, "थांब, बघू दे." आणि तो सगळा उन्हाळा त्यांनी बघितलं. त्या काय बघत होत्या ते मला पावसाळ्याच्या तोंडावर कळलं. म्हणाल्या, "मी हिच्यात ह्यांना बघत होते. भाऊजींनी विहिरीतली जोडी बघितली. कलाबाईनं आरसा ठेवला. ती काय मागून राहिलीय हे कुणी बघितलंच न्हाई. हिला सोबत लागतीय का न्हाई, मला ठाव न्हाई, शोभा. लागत असंल तर थोडी लागत असंल, तिच्या हिशोबानं, तिच्या वेळेला. पण ते तिचं तिला ठरवता यावं. माझ्या अंगणात ती काय ठरवणार?"

"आन् तुम्ही?" मी विचारलं.

"माझं मी बघीन की."

वनखात्याच्या ऑफिसात आम्ही दोघीच गेलो. टोपलीत खाली माती घातली होती. तिथल्या तरुण साहेबानं नाव विचारलं. बाईंना वाटलं कासवाचं विचारतोय. "पाटील," त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "पण बाई हाय." साहेब हसला. बाईंनी मात्र त्याला पहिलीच्या पोराच्या आईला सांगावं तसं सगळं सांगितलं. पाऊस आला की ती उंचवट्यावर चढते, चढू द्या. पाण्याचं भांडं उथळ ठेवा. मागच्या पायांनी उकरायला लागली की जवळ जाऊ नका. आणि सारखं उचलू नका. साहेब हो हो म्हणत होता. बाई शेवटी टोपलीवर वाकल्या. मला वाटलं हात फिरवतील. त्यांनी नुसतं बघितलं आणि वळल्या.

घरी आल्यावर गल्ली बसायला आली. मी दारातच सगळ्यांना परत पाठवलं, "बाई झोपल्यात," म्हणून. आत बाई जाग्याच होत्या, मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. त्यांना सगळं ऐकू गेलं. "लई चांगलं केलंस," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर संध्याकाळी मी त्यांच्या पायरीवर जाऊन बसू लागले. बोलणं फारसं व्हायचं नाही. मला हे आयुष्यात कधी जमेल असं वाटलं नव्हतं. पहिल्या पहिल्यांदा जीभ वळवळायची. नंतर सवय झाली. किंबहुना दिवसभराच्या कटकटीनंतर तेवढाच वेळ बरा जायचा.

हिवाळ्यात वनखात्याचा निरोप आला, की बघायचं असेल तर या. माळावर जाळीचं कुंपण घालून आणखी काही कासवांबरोबर ठेवलंय, पुढं डोंगराकडे सोडणार. बाई आधी नको म्हणाल्या. मग आदल्या दिवशी चांगलं लुगडं काढून ठेवलेलं मी बघितलं.

मोठं कुंपण होतं. आत खुरटी झुडपं, गवत, दगड, मातीचे उंचवटे. झुडपाच्या कडेला कासवं उन्हाला पडली होती. एक इकडं तोंड करून, एक तिकडं. एकमेकांकडे कुणी बघत नव्हतं, पण एकाच उन्हात होती. मला तर सगळी सारखीच दिसली. यातली आपली कोणती, म्हणून मी बाईंकडे बघितलं. त्यांनी जाळी घट्ट धरली होती, बोटं पांढरी झालेली, आणि नजर एकाच ठिकाणी. त्यांनी ओळखलं होतं.

राखणदार जवळ आला. "तुमचं कोणतं, आज्जी?"

बाईंनी जाळीवरचा हात काढला. "माझं ह्यात कुणी न्हाई, बाबा," त्या म्हणाल्या. "बघायला आले."

तो गेला. तेवढ्यात त्या घोळक्यातलं एक कासव उठलं आणि संथपणे आमच्या दिशेनं यायला लागलं. मी बाईंचा दंड धरला. ते पार जाळीपाशी आलं, बाईंच्या पायांपासून हातभर अंतरावर. मान वर केली, इकडंतिकडं फिरवली, आणि बाईंकडे न बघताच तिथल्या उन्हात पाय पसरायला लागलं. बाईंची सावली त्याच्या अर्ध्या पाठीवर पडली होती.

बाईंनी ते बघितलं. माझ्या हातातून दंड सोडवून घेतला आणि हळूच, पायांचा आवाज न करता, बाजूला सरकल्या.